पाडण्याआधी एकदा छतावर चढा: गावातल्या जुन्या नाट्यगृहाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खान्देशातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी स्वातंत्र्याआधी लोकवर्गणीतून बांधलेलं नाट्यगृह आहे. पुढे तिथे टॉकीज झाली, तीही बंद पडली आणि दहा-बारा वर्षांपासून कुलूप आहे. ट्रस्टमधले काही जण म्हणतात, पाडून खाली गाळे काढू आणि वर हॉल बांधू. गावातली नाटक करणारी मंडळी म्हणतात, जुनंच उभं करू. सुरुवात कुठून करायची, जुनं किती राखायचं आणि पैसा कुठून आणायचा, हे तुम्हाला हवंय.

मी अठ्ठावीस वर्षं जुन्या इमारतींची दुरुस्ती करतो. वाडे, देवळं, एक-दोन गढ्या आणि तीन जुनी नाट्यगृहं माझ्या हातून झाली. त्यातली दोन तापी-गिरणेच्या पट्ट्यातलीच. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्याच दिवशी एक करून बघा. कुलूप काढा, रंगमंचाच्या मध्यावर एकाला उभं करा आणि त्याच्या हातात रोजचं वर्तमानपत्र द्या. माईक नको, ओरडायचं नाही, आपल्या नेहमीच्या आवाजापेक्षा थोडं मोकळं वाचायचं. दुसऱ्याने शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायचं. शब्द वेगळे ऐकू आले, 'स' आणि 'श' ओळखता आले, तर तुमच्याकडे जे आहे ते आज कुणालाही सहजासहजी बांधता येत नाही. ही इमारत विजेच्या भोंग्याआधीची आहे. गाणारा नट पाच-पाच तास स्वतःच्या गळ्यावर शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, त्यासाठी ती बांधली गेली. काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा वाद पुढे शंभर वेळा होईल. त्या प्रत्येक वेळी मी एकच विचारतो: हे काढलं तर शेवटच्या रांगेत ऐकू येईल का?

ही नाट्यगृहं इथे आली कशी

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि त्यानंतर संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. खान्देशाला त्याचा फायदा दोन गोष्टींमुळे झाला: आगगाडी आणि कापूस. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही ओळ १८६०च्या दशकातच मुंबईच्या गाडीवर आली. विसावं शतक उजाडेपर्यंत चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला आणि सुरतेकडून तापीकाठची लाईन अमळनेरपर्यंत पोचली. कंपनीचं सामान म्हणजे पडदे, पेट्या, ऑर्गन, भटारखाना आणि साठ-सत्तर माणसं. ते बैलगाडीवर नेणं वेगळं आणि मालडब्यात टाकणं वेगळं. त्यात दिवाळीनंतर कापूस जिनात गेला की गावात पैसा खेळता व्हायचा. कंपनीचा मुक्काम हंगाम बघून ठरायचा.

आधी कनातीचा मांडव, मग पत्र्याची शेड आणि मग एखाद्या व्यापाऱ्याने जागा दिली, गावाने वर्गणी काढली की पक्कं नाट्यगृह, अशी ही चढती पायरी होती. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावात शिकले. आज जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. आपल्याकडे हे वेड वरून लादलेलं नव्हतं. यात्रेतला तमाशा आणि वहीगायन, म्हणजे खान्देशातलं लोकगायन, रात्र-रात्र ऐकणारा प्रेक्षक इथे तयारच होता. संगीत नाटकाला तो सवयीचा कान मिळाला.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि दहा वर्षांत कंपन्यांची कंबर मोडली. रिकाम्या नाट्यगृहांच्या मालकांनी मागच्या भिंतीला दोन भोकं पाडली, मशीनची खोली बांधली, रंगमंचावर पांढरा पडदा ताणला. त्यामुळेच ही नाट्यगृहं वाचली, हे विसरू नका. टॉकीज झाली नसती तर आज तिथे लाकडाची वखार असती. म्हणून 'सिनेमाचं सगळं काढून मूळचं नाटकघर परत आणू' असं कुणी म्हणालं की मी थांबवतो. मशीनरूमच्या त्या भोकांवर आतून लोखंडी झडप असते, खाचेत सरकणारी, वर दोरीला टांगलेली. १९५०च्या आसपासपर्यंत फिल्मची पट्टी नायट्रेटची असायची. ती पेटली की विझत नसे. मग दोरी जळून तुटायची, झडप आपोआप खाली पडायची आणि आग खोलीत कोंडायची. मी काम केलेल्या एका ठिकाणी ती झडप सत्तर वर्षांनी, थोडं तेल घातल्यावर, सरकन खाली आली. जमलेल्या पोरांनी ती दहा वेळा पाडून बघितली. ते काढून भंगारात टाकायचं? ते तिथेच राहिलं पाहिजे, चालू हालतीत.

इतिहास कागदावर कुठे सापडेल

गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐका, ते रेकॉर्ड करून ठेवा. पण साल आणि मालकी कागदावरूनच पक्की करा. नगर भूमापनचा जुना नकाशा आणि मिळकत पत्रिका, नगरपालिकेचं घरपट्टीचं रजिस्टर आणि ठराव-पुस्तकं, ट्रस्ट नोंदणीची अनुसूची १ ही सुरुवात. वर्तमानपत्रांसाठी धुळ्याचं गरुड वाचनालय आणि जळगावचं व. वा. वाचनालय इथे चार दिवस बसा. धुळ्याच्या 'खानदेश वैभव'सारख्या पत्रांत कंपन्यांच्या जाहिराती यायच्या आणि जाहिरातीत थिएटरचं नाव असतं.

सगळ्यांत उपयोगी कागद मात्र लोक शोधतच नाहीत. टॉकीजचा परवाना जिल्हाधिकारी द्यायचे. त्या अर्जाला इमारतीचे मोजमापासह नकाशे जोडावे लागत. दारं किती, जिने किती रुंद, बाल्कनीत खुर्च्या किती, सगळं त्यात असतं. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत गेला, त्यामुळे त्या शाखेची जुनी दप्तरं बहुधा आता अभिलेख कक्षात बांधून पडली असतील. परवान्याचं साल सांगून रीतसर अर्ज करा. मला एकदा असा नकाशा मिळाला आणि बुजवलेली दोन दारं नेमकी कुठे होती ते भिंत न फोडता कळलं.

इमारतही स्वतःचं वय सांगते. लोखंडी तुळयांवर छाप बघा. जमशेदपूरला टाटांचं पोलाद १९१२ पासून निघू लागलं, तेव्हा त्यांची छाप असलेली तुळई त्याआधीची असूच शकत नाही. रंगपटाच्या भिंतीचा चुना घाईने खरवडू नका. मी एका ठिकाणी ओल्या फडक्याने हळूहळू वरचा थर सोडवला, तर आरसा टांगायच्या खुंटीशेजारी पेन्सिलीने मांडलेला हिशेब निघाला: चहा, विड्या, टांगा, धोबी, आणि खाली 'सोमवार भुसावळ'. एवढंच. हस्ताक्षर सुरेख होतं. त्या चौकटीवर आम्ही काच लावली आणि बाकीची भिंत रंगवली.

छत

आता खरं काम. इमारतीचा जीव छतात असतो. तुमच्याकडे बहुधा सागवानी कैच्या, म्हणजे छत तोलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटी, त्यावर वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं असतील, किंवा कौलं काढून मधल्या काळात सिमेंटचे पत्रे टाकले असतील. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडू नका. पाणी मारून ओले करा, मास्क लावून अख्खे उतरवा.

कैची मधोमध क्वचितच सडते. ती सडते भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथे पाणी मुरतं, हवा लागत नाही आणि वाळवी मातीतून भिंतीच्या आडून थेट तिथवर चढते. खालून बघून कैची चांगली दिसते आणि ऑडिट करणारा 'ठीक आहे' लिहून जातो. परांची बांधून प्रत्येक टोकापर्यंत हाताने पोचलंच पाहिजे. लाकडावर छोट्या हातोडीने ठोकत जायचं. निरोगी सागवान टणक, भरीव बोलतो. पोखरलेला भद्द वाजतो. मग टोचा, म्हणजे टोकदार सळई, लावायचा. किती आत जातो ते बोटाने मोजायचं आणि खडूने लाकडावरच लिहायचं. पहिल्या थिएटरच्या कामाला माझ्यासोबत अमळनेरकडचे एक वयस्क सुतार होते. सगळ्यांनी मोडीत काढलेल्या एका कैचीपाशी त्यांनी दोन तास घालवले आणि खाली येऊन म्हणाले, "भाऊ, हाई लाकूड आजून जित्तं शे." टोकाचा दीड हात सडलेला होता, बाकी सगळं शाबूत. तेवढंच कापलं, वाळलेल्या जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या घालून बोल्ट आवळले. ती कैची अजून उभी आहे. नवीन लाकूड घेताना बाजारातला ओला सागवान घेऊ नका. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड शोधा, ते आपल्याकडे दुर्दैवाने भरपूर मिळतं.

कौलाचं वजन विसरू नका. एक मंगलोरी कौल साधारण दोन ते अडीच किलोचं आणि चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात. कैची त्या वजनासाठी बांधलेली असते. कौलं काढून हलका पत्रा टाकला की लोकांना वाटतं इमारतीवरचा भार कमी झाला. पण वावटळीत तोच पत्रा छत उचलू पाहतो आणि पावसात त्याखाली नाटक ऐकू येत नाही. आषाढातल्या प्रयोगाला पत्र्याखाली बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तडे, काळी माती आणि चुना

खान्देशातल्या इमारतीचा दुसरा वैरी तिच्या पायाखाली आहे. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तशीच ती पायाखालीही हलते. म्हणून एप्रिल-मेमध्ये तडा बघून कुणी 'इमारत धोकादायक' लिहिलं, तर त्यावर लगेच सही करू नका. तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने चिकटवा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि निदान एक पूर्ण वर्ष, एक उन्हाळा आणि एक पावसाळा, नोंद ठेवा. भाद्रपदात मिटणारा आणि चैत्रात उघडणारा तडा म्हणजे इमारत मातीबरोबर श्वास घेतेय. त्यात सिमेंट ठासलं तर ती शेजारी नवा तडा पाडेल. दर वर्षी वाढतच जाणारा तडा वेगळा. त्याला पाया उघडून बघावाच लागतो. पुष्कळदा उपाय साधा निघतो: पन्हाळी नीट करणं, भिंतीभोवती चार-पाच फूट रुंदीची बाहेर उतार असलेली फरशी आणि जवळची गटार दुरुस्त करणं. पायाशी पाणी एकसारखं राहिलं, एका कोपऱ्यात साचलं नाही, की माती शांत होते. भिंतीत पिंपळ असेल तर वरून छाटून भागत नाही, तो दुप्पट जोमाने येतो. मूळ मारावं लागतं आणि जागा चुन्याने भरावी लागते.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. स्प्रिंगच्या हातोड्याने आकडे घेऊन भिंत कमजोर ठरवणारे अहवाल मी पाहिले आहेत. ती चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी आहे. काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या भिंतीवर घेतलेल्या त्या आकड्याला काही अर्थ नाही. दगडी-लाकडी इमारतींचा अनुभव असलेला अभियंता शोधा, मग तो नाशिक-पुण्याहून आणावा लागला तरी चालेल. त्याच्या एका भेटीचे पैसे पुढच्या सगळ्या खर्चात वसूल होतात.

चुन्याबाबत माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका इमारतीच्या ओल्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा मान्य केला. दिसायला गुळगुळीत, सगळे खूष. जमिनीतली ओल भिंतीत चढतच होती, तिला बाहेर पडायची वाट बंद झाली. दोन पावसाळ्यांत गिलाव्याच्या वरच्या काठाला पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुलला आणि मागच्या विटा हाताने कुस्करल्या जाऊ लागल्या. सगळं काढून पुन्हा चुन्याने करावं लागलं. तोपर्यंत विटांचा एक थर गेला होता. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि ओल बाहेर टाकतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. कळीचा चुना विरवून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्या, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, घालून चुन्याच्या घाण्यात किंवा आजच्या चक्कीच्या मिक्सरमध्ये चांगला मळा. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत आपल्याकडचे गवंडी अजून जाणतात. गिलावा उन्हाळ्यात करू नका. पंचेचाळीस अंशात तो बाहेरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. नवरात्र ते संक्रांत हा आपल्याकडचा चुन्याचा हंगाम. ओली गोणपाटं टांगून भिंत सावकाश पिकू द्यायची.

रंगाचंही तसंच. भिंतीवर चकचकीत ऑइलपेंट मारून ओल कोंडू नका. मूळ रंग कोणता, यावर समितीत भांडण होईल. त्यासाठी कोपऱ्यात तळहाताएवढी जागा धारदार पात्याने पायरीपायरीने खरवडा. प्रत्येक थर दिसेल अशी छोटी पायऱ्यांची चौकट तयार होते. एका ठिकाणी मला चुना-नीळ, पिस्ता, गुलाबी, पुन्हा चुना असे सात थर मिळाले. गावकऱ्यांनी येऊन आपापल्या वयाचा थर ओळखला. त्यानंतर भांडण झालं नाही.

आवाज

आता ज्यासाठी ही खटपट, ते. तुमचा प्रेक्षागार साठ फूट लांब, चाळीस रुंद आणि सरासरी पंचवीस फूट उंच धरा. म्हणजे सुमारे सतराशे घनमीटर हवा. संवाद स्पष्ट ऐकू यायला आवाजाची घुमणी साधारण एका सेकंदाची असावी. गणिताने बघितलं तर त्यासाठी खोलीत आवाजाचं जेवढं शोषण लागतं, त्याचा दोन-तृतीयांश भाग चारशे माणसं स्वतःच करतात. त्यांचे अंग आणि कपडे आवाज पितात. तेच शंभर माणसं असली की घुमणी जवळपास दुप्पट होते आणि शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून 'आवाज घुमतो, ध्वनी खराब आहे' असा निकाल देऊ नका. गादी असलेल्या खुर्च्या घ्या. रिकामी खुर्ची माणसाइतकं नाही, तरी बरंच काम करते आणि शंभर प्रेक्षकांच्या हौशी प्रयोगालाही इमारत साथ देते.

फळ्यांचं लाकडी छत आणि खाली पोकळ असलेला लाकडी रंगमंच हलवू नका. पातळ फळी खालचे, जड स्वर शोषते. पोकळ रंगमंचावरून पावलाचा आवाज भरदार येतो. एका गावात, माझ्या आधी काम झालेल्या एका नाट्यगृहात, लाकडी छत काढून सपाट पीओपी केलं होतं आणि खाली गुळगुळीत टाइल्स. दोन सपाट, कडक पृष्ठभाग समोरासमोर आले. एक टाळी वाजवली की तीन ऐकू यायच्या. ते झाकायला भिंतींना जाड कापड लावलं. त्याने वरचे स्वर तेवढे गेले आणि आवाज बसका झाला. मग सहा माईक आले. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीची चूक झाकत होती. तिथल्या एका ज्येष्ठ नटाने मला सांगितलं की पूर्वी कुजबूजही शेवटपर्यंत जायची. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ती परत आणता येईल असं छत आता तिथे नव्हतं.

रंगमंचासमोर खोलगट जागा असेल तर ती साथीदारांची आहे: ऑर्गन, सारंगी, तबला. बऱ्याच ठिकाणी ती फळ्या टाकून बुजवलेली असते. उघडून साफ करा. बाल्कनीच्या एका बाजूला जाळी किंवा पडद्याचे आकडे सापडले तर ती बायकांची वेगळी जागा होती. आकडे राहू द्या.

आग, वीज, ऊन

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहूंनी बांधलेलं, १९१५ मध्ये उघडलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. लाकूड, कापड आणि जुनी वीज एका छताखाली असली की काय होतं, ते त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यामुळे वायरिंगमध्ये जुनं काही राखायचं नाही. सगळी वायर काढा, नवी लोखंडी पाइपातून घ्या, रंगमंचाच्या दिव्यांना वेगळा मेन आणि प्रयोग संपल्यावर तो बंद करायची जबाबदारी एका नावावर लिहा. पडद्यांना आगरोधक प्रक्रिया करून घ्या आणि ती ठरलेल्या मुदतीने पुन्हा करा. दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये १९९७ मध्ये ५९ जण गेले, त्यांतले बहुतेक धुरात कोंडून. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, वाटेत जादा खुर्ची नको, आणि टॉकीजच्या काळात बुजवलेलं प्रत्येक दार पुन्हा उघडा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो मालकाच्या गळ्यातला आहे, नगरपालिकेच्या नाही.

खुर्च्या कमी होतील, हे आधीच समितीला सांगा. जिथे पाचशे लाकडी खुर्च्या होत्या तिथे आजच्या अंतराने पावणेचारशे-चारशे बसतात. बायकांसाठी धड स्वच्छतागृह आणि व्हीलचेअरचा उतार यांत तडजोड नको. हे सगळं मागच्या मोकळ्या जागेत नव्या, वेगळ्या बांधकामात करा, जुन्या भिंती फोडून नको.

एसीबद्दल सगळे विचारतात. मोठे डक्ट कैच्यांमधून नेले की छत आणि आवाज दोन्ही जातात. कौलांखाली उष्णतारोधक थर द्या, बुजवलेले झरोके उघडा, रात्री गरम हवा वर निघून जाऊ द्या. आपला उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे पाण्याच्या कूलरची हवा मे महिन्यात उत्तम काम करते. फक्त मशीन इमारतीपासून लांब ठेवा, नाहीतर गुरगुर ऐकत नाटक बघावं लागेल. पावसाळ्यात ती हवा दमट होते, तेव्हा पंखे पुरतात. आणि आपल्याकडे रात्री साडेनऊला पडदा वर जायची सवय आहेच.

कागद आणि पैसा

ट्रस्टमधल्या मंडळींना एका कायद्याची आठवण करून द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची मिळकत विकता किंवा बदलून देता येत नाही आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर देता येत नाही. म्हणजे 'बिल्डर बांधून देईल, गाळे त्याचे' हा व्यवहार एका ठरावाने होत नाही. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी ती नाट्यगृहासाठी दिली, हे अनुसूचीतल्या उद्देशात लिहिलेलं असेल. ते वाचून दाखवा. दुसरीकडे, राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि तिच्यात वारसा इमारतींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. इमारत वारसा यादीत यावी म्हणून नगरपालिकेकडे लेखी प्रस्ताव द्या.

पैशासाठी आमदार-खासदार निधीकडे सगळे धावतात. तो मिळाला तर घ्या, पण तो टप्प्याने आणि नव्या बांधकामाला सहज मिळतो, जुन्या कैचीला अवघड जातो. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार हा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचा, मान्य विषय आहे. जळगाव-धुळ्यात उद्योग आहेत. त्यासाठी ट्रस्टला सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब लागतील, ते आतापासून नीट करा. आणि गावाची वर्गणी काढाच. रक्कम थोडी आली तरी चालेल. बांधताना वर्गणी होती, दुरुस्तीलाही असू दे.

टेंडरमध्ये फसगत होते ती इथे: सरकारी दरसूचीत चुन्याच्या कामाची बाब सापडत नाही, म्हणून कारकून 'तत्सम' म्हणून सिमेंटची बाब घालतो आणि सगळ्यांत कमी दराचा ठेकेदार तेच करून जातो. चुना, लाकूड आणि कौलं यांच्या बाबी वेगळ्या लिहून घ्या. आणि अट घाला की आधी सहा फूट बाय सहा फुटांची नमुना भिंत करून दाखवायची, ती एक पावसाळा बघायची, मग बाकीचं काम. मी याच अटीवर काम घेतो.

सगळं पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवू नका. छत आणि वीज झाली की फळ्यांवर सतरंज्या टाकून वाचन, कीर्तन, शाळेचं संमेलन, हौशी मंडळींची तालीम सुरू करा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. आपल्या भागातल्या संस्था तिच्यासाठी महिनोन्‌महिने मंगल कार्यालयात किंवा कुणाच्या गच्चीवर तालमी करतात. त्यांना ही जागा द्या आणि बदल्यात मागच्या रांगेत कसं ऐकू आलं ते लिहून घ्या. तुमच्या पुढच्या निर्णयांना यापेक्षा चांगली माहिती कुठल्याही सल्लागाराकडून मिळणार नाही.

आता ताबडतोबचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आहे आणि त्यानंतर मृग लागायला फार दिवस उरत नाहीत. या आठवड्यात एक सुतार, एक गवंडी आणि दोन चपळ पोरं घेऊन सकाळी सहाला, कौलं तापायच्या आत, छतावर चढा. पायाखाली आडवी फळी टाकून त्यावरूनच चालायचं, कौलावर थेट पाय नको. आत जाताना मास्क लावा. वटवाघळांची आणि पारव्यांची वर्षानुवर्षांची विष्ठा असेल, ती कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून उचला. दोन पाखांच्या मधल्या पन्हाळीत साठलेला पाला आणि माती काढा. सगळं पाणी तिथूनच आत शिरतं. फुटलेल्या कौलांच्या जागा खडूने खुणा करून मोजा. नवी कौलं मिळेपर्यंत जाड ताडपत्री टाका, ती आढ्यावरून दोन्हीकडे बांधायची, नुसती दगडाने दाबायची नाही. प्रत्येक कैचीला नंबर द्या, रस्त्याच्या बाजूने एक, दोन, तीन, आणि प्रत्येक टोकाचा जवळून फोटो काढा. ते फोटो आणि टोचा किती आत गेला त्याचे आकडे एका वहीत लिहून मला पाठवा. कुठल्या कैच्या आधी धरायच्या, ते त्यावरून सांगतो.